चौथ्या बाटलीची चिठ्ठी

घरात माणसं दोन, पण मान तिघांना होता. पहिला दादाच्या नाकाला, दुसरा दादाला, आणि उरलासुरला धाकटीला.

दादा एका मासिकात बर्बनची परीक्षणं लिहायचा. बर्बन म्हणजे मक्यापासून काढलेली व्हिस्की, आतून जाळलेल्या कोऱ्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. त्यांच्या आईला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आपला पोरगा त्या नावाच्या बिस्किटांवर लिहितो, आणि तिचा गैरसमज कोणी दूर केला नाही. बिस्किटांवर दर महिन्याला लिहिण्यासारखं असतं तरी काय, असं तिने एकदा विचारलं. दादा म्हणाला, "क्रीम." त्यावर आईचं समाधान झालं.

मंगळवार चाखण्याचा. मंगळवारी घरात कांदा चिरायचा नाही, फरशीला फिनेल लावायचं नाही, वासाचा साबण अंगाला लावायचा नाही. एकदा शेजाऱ्यांनी खिडक्यांना रंग द्यायला काढला, तर हा पठ्ठ्या त्यांच्या दारात जाऊन उभा. "आज माझं नाक कामावर आहे, रंग उद्या लावा." आणि गंमत म्हणजे शेजाऱ्यांनी डबे बंद करून ठेवले! नाकाने कांदे सोलणारी माणसं धाकटीने पुष्कळ पाहिली होती, पण त्या नाकापुढे आख्खा मजला हात जोडून उभा राहतो हे तिने फक्त दादाच्याच बाबतीत पाहिलं.

सकाळी दहाला जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर. पाच बाटल्या कागदी पिशव्यांत गळ्यापर्यंत झाकलेल्या आणि पिशव्यांवर एक ते पाच आकडे. नाव दिसलं की जीभ नावाची चव घेते, दारूची नाही, असं दादा म्हणायचा, आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात एवढं एकच वाक्य खरं होतं. पिशव्या घालायची धाकटी, ग्लास पुसायची धाकटी, आणि टेबलाखाली स्टीलची बादली ठेवायची तीही धाकटीच. दादा नाक ग्लासात खुपसायचा, डोळे मिटायचा, घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि बादलीत पचकन थुंकायचा. पाच बाटल्या, प्रत्येकीचे तीन घोट, पंधरा पिचकाऱ्या. मग ती बादली कोण धुणार, हे विचारायची आपल्या घरांत पद्धतच नसते.

प्रत्येक ग्लास झाला की तो पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहायचा. "मका. कोवळा. घाई." किंवा "जळकी साखर. बरं." एकदा नुसतंच "चामडं?" आणि पुढे प्रश्नचिन्ह, जणू ते धाकटीला ठाऊक असावं. लांबलचक लिहायला बसलं की चव उडते, हे त्याचं तत्त्व. तत्त्व कसलं डोंबलाचं! दोन शब्दांना तिसरा जोडायचा म्हटलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा, एवढीच त्यातली गोष्ट.

धाकटी त्याच मासिकात मुद्रितशोधक होती. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानावर शेवटचा हात तिचा फिरायचा, आणि तिच्या हातून ऱ्हस्वाचं दीर्घ निसटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मंगळवारी दुपारी ती चिठ्ठ्या घेऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत दादाचं परीक्षण तयार व्हायचं. दारूचा थेंब तिने आयुष्यात तोंडात घेतला नव्हता. वासानेच तिला मळमळायचं. पण एकोणीस वर्षं दुसऱ्याची बादली धुतल्यावर लेखणीला जी धार येते ती काही वेगळीच असते.

"मका. कोवळा. घाई." याचं तिने काय केलं होतं बघा. "हे बर्बन पिंपात सहा वर्षं होतं असं बाटली सांगते. पिंपाला विचारलं तर ते म्हणेल, कोण पाहुणे? आले कधी, गेले कधी, आम्हाला पत्ता नाही." "जळकी साखर. बरं." याचं केलं होतं, "ज्यांना हे आवडेल त्यांनी घरीच दूध करपवावं आणि बाटलीचा खर्च वाचवावा." लोक फिदा होते. मासिक उघडलं की आधी शेवटच्या पानावरचं दादाचं सदर वाचायचे, मग मागून पुढे यायचे. बर्बन काढणारे मोठमोठे कारखानदार दादासमोर कान धरल्यासारखे उभे राहायचे. सदराशेजारी आकड्यांनुसार बाटल्यांची नावं छापायचे, पण गुण नसायचे, तारे नसायचे. गुण शाळेत देतात, असं दादा सगळ्यांना सांगायचा. तेही वाक्य धाकटीचं होतं.

अंक आला की दादा सदर मोठ्यांदा वाचायचा. मांडी थोपटत, स्वतःच्याच वाक्यावर खिदळत, मध्येच थांबून धाकटीला म्हणायचा, "ऐकलंस? काय लिहिलंय बघ!" धाकटी म्हणायची, "हो, छान जमलंय." तिला राग यायचा नाही असं नाही, चांगला यायचा. पण बसमध्ये कोणी अनोळखी माणूस तिचं वाक्य वाचून हसताना दिसला की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा. टाळ्या दादाला मिळोत, विनोद तर आपला आहे ना, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

त्या मंगळवारी चौथ्या पिशवीत एक नवी बाटली होती. लेबल हाताने चिकटवलेलं, जरा तिरकं. कोण्या एका बाईने चार पिंपं भरून पहिल्यांदाच काढलेलं बर्बन. दादाने तिन्ही घोट घेतले आणि धाकटी ग्लास उचलायला आली तर साहेब जागेवर नाहीत! न्हाणीघरात नळ धोधो सुरू, आत खोकण्याचा आवाज. टेबलावर चिठ्ठी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द तीनदा लिहिलेला आणि खाली पेन्सिल मोडेपर्यंत रेघा ओढलेल्या.

"ओक! ओक! ओक!"

"अरे देवा," धाकटी म्हणाली आणि तिने घाईघाईने खिडकी उघडली.

दादा तोंड पुसत बाहेर आला. डोळे लाल, पाणावलेले. "बरं वाटतंय ना?" तिने विचारलं. त्याने नुसता हात हलवला आणि पाचव्या ग्लासकडे वळला. चाखताना तो कधी बोलायचा नाही, आणि चाखून झालं की चाखलेलं विसरून जायचा. नाक रिकामं ठेवावं लागतं म्हणे.

दुपारी धाकटीने ती चिठ्ठी समोर ठेवली आणि तिला अक्षरशः स्फुरण चढलं. एकोणीस वर्षांत दादाने असला शब्द लिहिला नव्हता. तिने लिहिलं, "चौथ्या बाटलीबद्दल आमच्या जिभेने मत दिलंच नाही. जिभेला डावलून पोटाने थेट निकाल दिला, आणि तो निकाल सभ्य माणसांच्या घरी जाणाऱ्या मासिकात सविस्तर छापता येत नाही. एवढंच सांगतो, की घोट आत गेला त्याहून दुप्पट वेगाने परत आला आणि वाटेत त्याने सकाळच्या न्याहारीलाही सोबत घेतलं." अशा बारा ओळी. शेवटी, "पिंप चांगलं असावं. त्यात पुन्हा पाणी भरावं, झाडांना घालावं, आणि झाडांची माफी मागावी."

अंक निघाला आणि जिकडेतिकडे तेच. संपादकांनी फोन करून दादाचं अभिनंदन केलं. वाचकांची पत्रं पोतंभर आली. दादाने ते बारा ओळींचं परीक्षण एका दमात सात वेळा वाचलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला. "न्याहारीलाही सोबत घेतलं! धाकटे, मला कसं गं सुचतं हे?"

"देवाची देणगी," धाकटी म्हणाली.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, एक बाई मासिकाच्या कचेरीत आली. उंच, रुंद खांद्यांची, मनगटापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा. पिंपं बांधणं हा तिचा धंदा. फळ्या वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकायच्या, आतून जाळ द्यायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारूसाठी पिंपं बांधली आणि मग स्वतःसाठी चार बांधून त्यांत स्वतःचं बर्बन भरलं. तिला सगळे पिंपवाली म्हणायचे. चौथी बाटली तिची होती.

संपादक जागेवर नव्हते. पिंपवाली धाकटीच्या टेबलासमोर बसली आणि पिशवीतून एक बाटली काढून तिने मध्ये ठेवली.

"ताई, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "मला फक्त कळू दे नेमकं काय बिघडलं. बूच खराब निघालं का? गाळ राहिला का? ही त्याच पिंपातली दुसरी बाटली. त्यांना एकदा पुन्हा चाखायला सांगा. पुन्हा तसंच वाटलं तर मी मुकाट्याने जाईन."

"परीक्षणावर पुन्हा परीक्षण नसतं हो," धाकटी म्हणाली.

"ते कळतंय मला. पण माझ्या बाटल्या ज्या दुकानांत आहेत त्यांचा खरेदीवाला परवा आला होता. तुमचा अंक हातात घेऊन आला. येताना हसतच आला. म्हणाला, बाई, पुढच्या अंकात काही वेगळं आलं तर ठीक, नाहीतर एक तारखेला सगळं परत पाठवतो. एकदा परत आलेला माल कुठलंच दुकान घेत नाही, ताई. मग मी आहे आणि दुसऱ्यांची पिंपं आहेत." तिने बाटलीवरचं तिरकं लेबल अंगठ्याने दाबलं. "न्याहारीचं वाचून माझा नवरा पण हसला. मग त्याला वाईट वाटलं."

धाकटीला ते लागलं. पण बचावाला तिच्याकडे पुरावा होता ना! सगळ्या चिठ्ठ्या ती कचेरीतल्या टेबलाखाली बुटांच्या खोक्यात जपून ठेवायची. तिने त्या मंगळवारची चौथी चिठ्ठी काढली आणि पुढे सरकवली. "हे बघा. मी काही पदरचं घातलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय."

पिंपवालीने चिठ्ठी वाचली. मग परत वाचली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"अहो ताई, ओक! ओकच आहे तो! माझी पिंपं ओकच्या लाकडाची आहेत. मी शंभर वर्षं जुनं झाड घेतलं होतं, फळ्या तीन पावसाळे उघड्यावर वाळवल्या. त्यांना कळलं! त्यांच्या जिभेला कळलं!"

"पण..." धाकटी म्हणाली. "ओक म्हणजे..."

"आमच्या कारखान्यात दिवसातून शंभर वेळा म्हणतो आम्ही ओक. ओक उचल, ओक आण, ओक ठेव तिकडे. अजून तरी कोणी ओकलं नाही."

आणि धाकटीला सगळं आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पहिल्याच परीक्षणात "ओक छान उतरला आहे" असं छापलं गेलं होतं आणि गावभर हशा पिकला होता. तेव्हा तिनेच नियम केला होता, की आपल्या मासिकात त्या झाडाचं नाव घ्यायचं नाही, 'लाकूड' म्हणायचं. दादालाही तिने तसं पढवलं होतं. एकोणीस वर्षं दादा इमानदारीत "लाकूड" लिहीत आला. आणि ज्या दिवशी त्याला खरोखर काहीतरी आवडलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं, घोट थुंकायचा सोडून गिळला आणि ठसका लागून नळाखाली जावं लागलं, त्या दिवशी गडी नियम विसरला. दुसऱ्या कोणी ती चिठ्ठी बरोबर वाचली असती. चूक करू शकणारी जगात एकच बाई होती, आणि ती म्हणे मुद्रितशोधक!

"बाटली ठेवून जा," ती पिंपवालीला म्हणाली. "पुढचा अंक उद्या चार वाजता छपाईला जातो. मी बघते."

घरी येऊन तिने दादासमोर तीन ग्लास ठेवले. तिन्हींत थोडं थोडं, बाटल्या आत स्वयंपाकघरात.

"आज गुरुवार आहे," दादा म्हणाला. "नाकाची सुट्टी."

"एवढं एकदाच. माझ्यासाठी."

कुरकुरत त्याने पहिला चाखला, लिहिलं, "मका. ठीक." दुसरा चाखला आणि तो खुर्चीत सरळ झाला. पुन्हा वास घेतला. थुंकायला वाकला, थांबला, आणि गिळलं. चिठ्ठीवर लिहिलं, "ओक! वा वा! कोणाचं?"

धाकटीने बाटली आणून त्याच्यासमोर ठेवली. लेबल बघून त्याचा चेहरा असा काही पडला, की क्षणभर तिला दया आली. पण ती क्षणभरच टिकली, कारण दादाने ग्लास परत नाकाशी नेला, हुंगला, आणि नाक मुरडलं.

"हं. आता येतंय लक्षात. आधी फसवतं, मग मागून येतं. घाण आहे. न्याहारीला सोबत घेणारं."

"दादा, आत्ता तू वा वा लिहिलंस."

"ग्लास बदललेत तू."

"मी बदलले नाहीत. तू त्या दिवशीही ओकच लिहिलं होतंस. झाड. मी दुसरा अर्थ घेतला. चूक माझी आहे, तुझ्या जिभेची नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. त्या बाईचा सगळा माल परत येईल, दादा. तीस वर्षं राबलीय ती."

दादाने ग्लास खाली ठेवला. आवाज एकदम शांत, सदरातल्या फोटोसारखा. "हे बघ. एकोणीस वर्षांत माझी एक ओळ खोटी निघालेली नाही. आणि आता मी लोकांना सांगू, की मला पोट आणि झाड यांतला फरक कळत नाही? ते परीक्षण माझं सगळ्यांत गाजलेलं परीक्षण आहे."

"ते मी लिहिलंय."

"टाईप केलंयस."

"दादा, मी लिहिलंय. सगळी मी लिहिलीत. तू चिठ्ठ्या लिहितोस."

तो हसला. त्यात लबाडी असती तर तिला परवडलं असतं. पण तो मनापासून, मायेने हसला, लहान बहीण काहीतरी वेड्यासारखं बोलल्यावर हसतात तसा. "चिठ्ठीतच सगळं असतं गं. तू ते पसरून लिहितेस, एवढंच. मी नाही म्हणत का तुझी मदत होते म्हणून? अगदी बादली धुण्यापासून होते."

त्याला खरंच तसं वाटत होतं! एकोणीस वर्षं ती त्याचं गुपित सांभाळतेय असं समजत होती, आणि त्याला गुपित आहे हेच माहीत नव्हतं. धाकटीने तिन्ही ग्लास उचलले, मोरीत ओतले आणि खोलीचं दार लावून घेतलं. ती खूप रडली. मग तिने नाक शिंकरलं आणि कागद ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तिने संपादकांच्या टेबलावर चौकट ठेवली. तिच्यात लिहिलं होतं:

"चूकदुरुस्ती. मागच्या अंकात चौथ्या बाटलीबद्दल जे छापलं ते साफ चूक आहे. परीक्षकांनी चिठ्ठीवर 'ओक' असं तीनदा लिहिलं होतं. त्यांना झाड म्हणायचं होतं, मी पोटाचं समजले. काल त्यांनी नाव न बघता तेच बर्बन पुन्हा चाखलं आणि 'वा वा' लिहिलं, चिठ्ठी माझ्याकडे आहे. मी स्वतः ते चाखलेलं नाही. मी कुठलीच दारू कधी चाखलेली नाही. गेली एकोणीस वर्षं या सदरातले घोट त्यांचे आहेत आणि शब्द माझे. जिने ती पिंपं बांधली तिची मी माफी मागते."

खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मासिकात तिचं नाव कधीच छापून आलं नव्हतं.

संपादक वाचायला लागले. पहिल्या ओळीला त्यांची भुवई वर गेली. "पोटाचं समजले" ला ते फिस्सकन हसले. "कुठलीच दारू चाखलेली नाही" ला त्यांनी टेबलावर हात आपटला.

"काय माणूस आहे हो तुमचा दादा! स्वतःचीच खिल्ली! आणि बहिणीच्या तोंडून!"

"साहेब, हे मी लिहिलंय."

"हो हो, नाव तुमचंच ठेवू. त्यातच तर मजा आहे."

"अहो, खरंच मी लिहिलंय. आधीचीही सगळी मीच लिहिलीत."

"ताई, पुरे, पुरे," संपादक डोळे पुसत म्हणाले. "माझं पोट दुखतंय." आणि त्यांनी चौकटीवर सही केली.

तिने कितीतरी वेळ त्या सहीकडे बघितलं. गैरसमजावर का होईना, छापलं तर जाणार होतं. पिंपवालीला तेवढंच हवं होतं. तिने शुद्धलेखन शेवटचं तपासलं आणि पान खाली पाठवलं.

अंक आला आणि आधीचा गोंधळ काहीच नव्हता असं वाटायची वेळ आली. दुकानांत लोक जाऊन "ती ओकवाली द्या" म्हणायला लागले. काही जण घरी नेऊन ओकची चव घ्यायचे, काही नुसतेच हसायला न्यायचे, पण नेत होते. एक तारीख आली आणि परत पाठवायला दुकानांत एकही बाटली उरली नाही. पिंपवालीचा कचेरीत फोन आला, तेव्हा ती ओरडतच होती.

"ताई, चारही पिंपं संपली! खरेदीवाला म्हणतो आणखी भर! मी नव्या आठ पिंपांच्या फळ्या कापायला घेतल्यात." मग तिचा आवाज जरा उतरला. "एक विचारू? ते खरंच तुम्हीच लिहिता ना? मी त्या दिवशी समोर होते, चिठ्ठी पाहिली, म्हणून मला पटतंय. पण इथे ज्याला सांगते तो मला वेड्यात काढतो. म्हणतात, दादांचीच ती कमाल."

"मीच लिहिते," धाकटी म्हणाली.

"मग चांगलं लिहिता हो. माझ्यावरचं पण चांगलंच होतं. वाईट होतं, पण चांगलं होतं."

एकोणीस वर्षांत तिला तिच्या नावावर मिळालेली ही पहिली दाद, आणि तीही जिचं वाटोळं करायला निघाली होती तिच्याकडून. धाकटीने फोन ठेवला आणि तपासायचं पुढचं पान ओढलं.

दादाने दुरुस्ती छापून आल्यावर दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी अभिनंदनाचे फोन सुरू झाले आणि अबोला कुठल्या कुठे पळाला. शनिवारी जिन्यात शेजारी भेटले. धाकटी भाजीच्या पिशव्या घेऊन दोन पायऱ्या मागे होती.

"मानलं बुवा तुम्हाला!" शेजारी म्हणाले. "बहिणीच्या नावाने लिहिलंत! 'मी पोटाचं समजले'! बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय. कसं सुचलं?"

धाकटी थांबली. तिला वाटलं, आता तरी. एवढं छापून आलंय, नावासकट आलंय, ती इथे मागेच उभी आहे हे त्याला दिसतंय. आता तरी तो म्हणेल, अहो, हे हिचं आहे.

दादाने कठड्यावर हात ठेवला. "सुचलं असंच," तो म्हणाला. "एका घोटात."

पुढचा मंगळवार उजाडला. पांढरी चादर, पाच पिशव्या, पंधरा पिचकाऱ्या. धाकटीने बादली धुतली, ग्लास पुसले, पाच चिठ्ठ्या घेतल्या आणि खोलीत गेली. संध्याकाळपर्यंत लागणारं काम त्या दिवशी दहा मिनिटांत आटोपलं. छपाईसाठी पाठवलेल्या पानावर दादाचा फोटो होता, दादाचं नाव नेहमीपेक्षा मोठ्या टायपात होतं, आणि खाली पाच ओळी होत्या.

"१. मका. गोड. २. बरं. ३. लाकूड, पण कमी. ४. काहीतरी आहे. ५. हे पण बरं."

तिसऱ्या ओळीत दादाने 'लाकुड' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. तेवढं तिने दीर्घ केलं.

पंधरा मिनिटांत संपादकांचा फोन. "ताई, दादांच्या पानाचं काय झालं? अर्धं आलंय. बाकीचं कुठाय?"

"बाकीचं नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "दादाने लिहिलंय ते सगळं आलंय. एकोणीस वर्षं तो एवढंच लिहितोय."